हाकलून दिलेलं वटवाघूळ कुठं जातं?

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या आमच्या वसाहतीमागच्या चिंचेवरून पेटलेलं भांडण अजून धुमसतंय. चिंच जुनी आहे, बुंधा दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा, आणि जागा सरकारी असल्यानं एरवी ती कुणाचीच नसते. तिच्या शेंड्याकडच्या फांद्यांना दिवसभर वटवाघळं लोंबत असतात, काळ्या पिशव्या टांगून ठेवल्यासारखी. केरळात वटवाघळांकडून येणाऱ्या निपाह विषाणूचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की आमच्या व्हॉट्सॲप गटावर या चिंचेचा फोटो येतो आणि खाली लाल उद्गारचिन्हांची रांग लागते. या वेळी प्रकरण अर्जापर्यंत गेलं. 'फांद्या छाटून वटवाघळांचा बंदोबस्त करावा', खाली चाळीसेक सह्या. त्यावर दुसऱ्या बाजूच्या तरुण मंडळींनी 'एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं, त्यांना वाचवा' असं पोस्टर फिरवलं. दोन्हीकडून तावातावानं बोलणं चालू आहे, आणि त्यांतला एकही जण संध्याकाळी त्या झाडाजवळ अर्धा तास उभा राहिलेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचे कष्ट ज्यांना नकोत त्यांची सुटका होईल. चिंच तोडू नये, तिच्या फांद्या छाटू नयेत, तिच्याखाली फटाके तर मुळीच लावू नयेत. वटवाघूळ गोड दिसतं म्हणून नव्हे, ते आपल्यावर उपकार करतं म्हणूनही नव्हे. अर्जावर सह्या करणाऱ्यांना ज्या रोगाची भीती वाटते, त्याच रोगाच्या भीतीपोटी मी हे म्हणतोय.

पण आधी स्वतःच्या बाजूचं अंगण झाडून घेतो. ते पोस्टर चुकीचं आहे. चिंचेवरचं मोठं वटवाघूळ फळं खातं. पंख पसरले की चार फुटांवर जाणारा हा प्राणी डासांच्या वाटेला जात नाही. किडे खातात त्या पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं. त्या जुन्या वाड्यांच्या आढ्याला, देवळांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, बुरुजांच्या भेगांत राहतात. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत आणि आपण त्या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारून एकाच आरोपपत्रात, नाहीतर एकाच आरतीत बसवतो. तो हजारांचा आकडाही असाच. अमेरिकेत 1960 च्या सुमारास एका बंद खोलीत डास सोडून त्यांत पाकोळ्या उडवल्या आणि मिनिटाला किती डास टिपले ते मोजलं. मिनिटांचा गुणाकार करून तासाचा आकडा झाला, पुढं तो तोंडोतोंडी फुगला. उघड्यावर, समोर गलेलठ्ठ पतंग आणि भुंगेरे उडत असताना पाकोळी डासामागं तेवढीच धावेल का, हे त्या खोलीला कोण विचारणार? 1929 साली फ्लोरिडाच्या बेटांवर रिक्टर पर्की नावाच्या एका गृहस्थानं मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून वटवाघळांसाठी चक्क लाकडी मनोरा बांधला. त्यात वटवाघळं आणून सोडली. ती उडाली आणि परत आलीच नाहीत. मनोरा मात्र 2017 च्या चक्रीवादळापर्यंत उभा होता, आणि डास अर्थातच होते तिथंच राहिले. भलं करायला निघालेल्या माणसानं खोटा आकडा हातात घेतला की मनोरे उभे राहतात, काम होत नाही.

खरे आकडे नाहीत असं थोडंच आहे? अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मक्याच्या शेतावर एक साधा, पण चोख प्रयोग झाला. काही वाफ्यांवर फक्त रात्री जाळी ओढायची आणि दिवसा ती काढायची. दिवसा पक्षी येऊ शकतात, रात्री पाकोळ्या येऊ शकत नाहीत. त्यामुळं फरक पडला तर तो पाकोळ्यांचाच. जाळीखालच्या वाफ्यांत कणसातल्या अळ्या साठेक टक्क्यांनी जास्त निघाल्या. ही अळी म्हणजे आपल्या हरभऱ्यावरच्या आणि तुरीवरच्या घाटेअळीची सख्खी भाऊबंद, हे मोहोळ-बार्शीकडच्या शेतकऱ्यानं लक्षात ठेवावं. दुसरा अभ्यास 2024 सालचा आहे. अमेरिकेत 2006 पासून एका बुरशीनं गुहांमधल्या पाकोळ्या मरायला लागल्या. जिथं त्या मेल्या त्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकं सरासरी 31 टक्क्यांनी वाढवली, आणि त्याच जिल्ह्यांत अर्भकमृत्यूचं प्रमाण जवळपास 8 टक्क्यांनी वर गेलं. पाकोळी मेली, पंप वाढला, त्याचा भार पाळण्यावर पडला. अर्थात हे सगळं तिकडचं आहे. आपल्या ज्वारीच्या माळावर असा जाळीचा प्रयोग होईपर्यंत मी तो आकडा सोलापूरच्या नावावर खपवणार नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते खरं म्हणायला हवं. निपाह ही कुणी पसरवलेली आवई नाही. 1998-99 मध्ये मलेशियात तो पहिल्यांदा कळला, 2001 मध्ये आपल्याकडं सिलिगुडीत आला, 2018 मध्ये कोळिकोडच्या परिसरात त्यानं 17 जणांचा बळी घेतला. त्याचं नैसर्गिक घर म्हणजे फळं खाणारी वटवाघळं, यावर शास्त्रज्ञांत वाद नाही. आणि महाराष्ट्र यातून बाहेर आहे असंही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं 2020 च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळं पकडून तपासली, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये निपाहची प्रतिपिंडं सापडली. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे त्या प्राण्याची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. पण एवढंच म्हणून ते झटकून टाकण्यासारखं नाही. बंद खोलीत साचलेल्या लेंडीची धूळ छातीत जाणंही चांगलं नसतं. आणि घाणीचा त्रास? तो तर रोजचा. आमचे एक शेजारी मला जिन्यातच अडवून म्हणाले, "ओ सर, तुमचं शास्त्र राहू द्या बाजूला. माझ्या टाकीच्या झाकणावर रोज सकाळी चोथा पडलेला असतोय. तो काय शास्त्रज्ञ येऊन धुणार हाय का?" मी वर जाऊन पाहिलं. झाकणाला तडा गेलेला, त्यावर उंबराचा चघळून थुंकलेला चोथा, सुपारीएवढ्या चपट्या गोळ्या. वटवाघूळ फळ तोंडात दाबून रस गिळतं आणि तंतू थुंकतं, हे मी वाचलं होतं; कुणाच्या पिण्याच्या पाण्यावर पाहिलं नव्हतं. ज्याला हा त्रास नाही त्यानं परिसंस्थेवर व्याख्यान देऊ नये, हे मला त्या गच्चीवर पटलं.

मग हाकलूनच का देऊ नये? कारण हाकललेलं वटवाघूळ हवेत विरघळत नाही. अर्जात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नाही: ती जाणार कुठं?

जगात हा प्रयोग आधीच झालेला आहे, आणि त्याचा निकाल वाईट आहे. युगांडातल्या किटाका इथल्या खाणीत 2007 साली मजुरांना मारबर्ग हा निपाहइतकाच भयंकर ताप झाला. खाणीत वटवाघळांची प्रचंड वसाहत होती. लोकांनी सरळ विचार केला: वटवाघूळ संपलं की रोग संपला. जाळ्या लावून, खाणीची तोंडं बंद करून हजारोंनी वटवाघळं मारली. पुढं खाण पुन्हा उघडली तेव्हा मूळच्या मानानं मूठभर वटवाघळं परत येऊन राहिली. 2012 मध्ये तिथून जवळच युगांडातली तोवरची सर्वांत मोठी मारबर्गची साथ उठली. शास्त्रज्ञांनी त्या नव्या वटवाघळांची तपासणी केली. आधी शंभरात पाचांच्या आसपास विषाणू सापडत होता, आता तो तेराजवळ गेला होता. शास्त्रज्ञांनी लावलेला अर्थ असा, की रिकाम्या जागेत बाहेरून नवी, न बाधलेली वटवाघळं भरली आणि विषाणूला ताजं इंधन मिळालं. कत्तलीनं रोग घटायचं सोडाच, प्रमाण दुपटीच्या पुढं गेलं.

मारायचं नाही, नुसतं हुसकावायचं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. तिथं वटवाघळांतला हेंड्रा विषाणू घोड्यांत उतरतो आणि घोड्यांतून माणसांत. पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की जंगल तुटलं आणि हिवाळ्यात फुलोरा मिळेनासा झाला तेव्हा वटवाघळांचे मोठे थवे फुटले, लहान लहान टोळ्या करून शेतांत आणि गावांत येऊन राहिले. उपाशी वटवाघळं विषाणू जास्त बाहेर टाकतात, आणि टाकतात ती आता घोड्याच्या गोठ्यावरच. ज्या हिवाळ्यात उरलेलं जंगल भरभरून फुललं, त्या हिवाळ्यात ती तिकडं गेली आणि विषाणू उतरलाच नाही. आता आमची चिंच छाटली तर काय होईल ते ताडून पाहा. आज सगळी एका झाडावर आहेत, कुठं आहेत ते माहीत आहे. उद्या पन्नास इथल्या शाळेच्या वडावर, तीस त्या मंगल कार्यालयाच्या अशोकावर, काही नेमकी आमच्याच टाकीजवळच्या नारळावर. एका माहीत असलेल्या जागेच्या दहा नकोशा जागा करून आपण 'बंदोबस्त' केला असं म्हणणार.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. 1896 च्या प्लेगनं मुंबई-पुणे हादरलं तेव्हा सरकारनं घरांच्या झडत्या घेतल्या, सामान जाळलं, माणसं ओढून नेली. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या डॉक्टरानं दाखवून दिलं, की प्लेग उंदराच्या पिसवेतून येतो. उंदीर मेला की पिसू थंड पडलेलं अंग सोडते आणि जवळचं उबदार अंग शोधते. म्हणजे पिसवांचा विचार न करता नुसते उंदीर मारत सुटणं हे पिसवांना माणसाचा पत्ता देण्यासारखं होतं. आणि त्याच काळात खेड्यापाड्यांतल्या माणसांचा नियम काय होता? उंदीर पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. त्यांना जंतू माहीत नव्हता, पिसू माहीत नव्हती. अंतर ठेवायचं, एवढं कळत होतं.

अंतर ठेवणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर बांगलादेशातलं उदाहरण घ्या. तिथं निपाह येतो तो मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून. रात्री झाडाला मडकं बांधलेलं असतं, वटवाघूळ येऊन खाच चाटतं, त्याची लाळ आणि मूत्र रसात उतरतं. यावर संशोधकांनी झाडं तोडायला सांगितली नाहीत. खाच आणि मडकं झाकेल अशी बांबूच्या कामट्यांची झापड बांधून पाहिली, आणि रात्री कॅमेरे लावून बघितलं. झापड नीट असली की वटवाघूळ रसापर्यंत पोचत नाही. कामट्यांची एक झापड! खर्च किती आणि गवगवा किती, बघा. ताडी-शिंदीची चव माहीत असलेल्या आपल्या गावानं हे उदाहरण जास्तच मनावर घ्यावं.

शिंदीवरून आठवलं. मे 1930 मध्ये याच सोलापुरात सत्याग्रहाच्या भरात लोक शिंदीची झाडं तोडायला रूपाभवानीच्या देवळाकडं गेले होते. त्यातून गोळीबार झाला, पुढं मार्शल लॉ आला, आणि जानेवारी 1931 मध्ये चार जण येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या धैर्यासमोर मान खाली घालूनच हे लिहितोय. ते झाड परकीय सरकारच्या महसुलाचं प्रतीक होतं आणि प्रतीक म्हणून ते तोडणं बरोबरच होतं. पण ताडी गावातून गेली का? सरकारला धडा शिकवायचा तर प्रतीक तोडून चालतं. सवय किंवा विषाणू घालवायचा तर झाड तोडून भागत नाही. आमच्या चिंचेखाली कुणी परकीय सरकार नाही.

बागायतदारांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते खरं आहे. द्राक्षाच्या घडांवर लहान फळवाघळं तुटून पडतात, पिकलेलं डाळिंबही सोडत नाहीत. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सांगोल्यात घरटी बाग आहे. ज्यांची वर्षाची कमाई त्या फळावर आहे त्यांना 'निसर्गाचा वाटा' वगैरे सांगायला जाणं म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ चोळणं. पण बागेत रात्री होणारं सगळं नुकसान वाघळाच्या खात्यावर लिहू नका. माझ्या मामेभावाच्या बागेत मी फळं हातात घेऊन पाहिली आहेत. वाघळानं खाल्लेल्या डाळिंबाची साल फाटलेली असते, दाणे उकरलेले, कडेला दातांच्या खुणा. आणि दुसरं एक डाळिंब असतं, वरून शाबूत. टाचणीएवढं छिद्र, भोवती तपकिरी मऊ डाग, दाबलं की आंबलेला रस. हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. तो रात्रीच येतो, त्याची अळी बांधावरच्या गुळवेलीवर वाढते, आणि असले पतंग हेच पाकोळ्यांचं खाद्य. भाऊ दोन्ही फळं एकाच पाटीत टाकून 'वाघळानं खाल्लं' म्हणत होता. त्या पाटीतली वाटणी केली तेव्हा छिद्राची फळं जास्त निघाली. एका बागेवरून मी जिल्ह्याचा सिद्धांत मांडत नाही. पाटी ओतून मोजा, एवढंच म्हणतो. फळवाघळांसाठी जाळी हा उपाय आहे, महाग आहे, आणि त्यासाठी अनुदान मागायला मी शेतकऱ्याबरोबर यायला तयार आहे. मॉरिशसनं जाळीऐवजी बंदूक निवडली. 2015 पासून तिथं आंबा-लिचीसाठी हजारो फळवाघळं मारली. त्यांची जात धोक्यात आली. बागायतदारांना अपेक्षित भरघोस पीक काही मिळालं नाही.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं कावळ्या-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. मारलं तरी विचारणारं कुणी नव्हतं. दुरुस्त कायदा 1 एप्रिल 2023 पासून लागू झाला आणि चिंचेवरचं हे मोठं वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षणात आलं. शहरातल्या झाडांना 1975 चा वृक्ष कायदा आहेच. तेव्हा अर्जावर सही करणाऱ्यांनी आपण नेमकी कशावर सही करतोय हे एकदा वाचावं. पण कायद्याच्या जोरावर वाद जिंकण्यात मला फारसा रस नाही. भीती आहे तशीच राहते आणि मग रात्री बाराला कुणीतरी सुतळी बॉम्ब लावतो. शोभेची दारू गड्डा यात्रेच्या मैदानात छान दिसते, चिंचेखाली नाही.

सोलापूरच्या वटवाघळांना आणि आपल्याला खरा धोका मे महिन्याचा आहे. पारा बेचाळीसच्या वर गेला की ही मोठी वटवाघळं तग धरू शकत नाहीत. दुपारी दोनला दुर्बिणीतून पाहिलं तर झाडच हलतंय असं वाटतं: प्रत्येक जण एका पंखानं स्वतःला वारा घालत असतो, मधूनच छाती आणि पंख चाटून ओले करतो, आणि उन्हाची तिरीप आली की सगळी ओळ एकमेकांना ढकलत सावलीच्या बाजूला सरकते. 2020 च्या मेमध्ये गोरखपूरजवळ शेकडो वटवाघळं पटापट खाली पडली. कोरोनाचे दिवस, गावात घबराट. बरेलीच्या पशुवैद्यकीय संस्थेनं तपासणी केली. कोरोना नव्हता, रेबीज नव्हता, उष्माघात होता. आता त्याच चिंचेच्या फांद्या छाटून सावली काढून घ्या. मेलेली, अर्धमेली वटवाघळं मुलांच्या क्रिकेटच्या पिचवर पडतील, आणि जो स्पर्श टाळायचा म्हणून एवढा खटाटोप, तोच घडेल. त्यापेक्षा चिंचेखाली दहा पावलांचं कुंपण घाला. पडलेलं वटवाघूळ हातानं उचलू नका, वनविभागाला फोन करा. पक्ष्याप्राण्यानं कुरतडलेलं फळ खाऊ नका, मग ते कितीही गोड असो. टाक्यांना तडा न गेलेली झाकणं बसवा. या सगळ्याचा खर्च छाटणीच्या ठेक्यापेक्षा कमी येईल, पण त्यात फीत कापायला जागा नाही, ही अडचण आहेच.

आणि मोजा. किती आहेत, कधी वाढतात, कधी निघून जातात, पिल्लं कधी दिसतात. या वटवाघळाच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. 'भराभर वाढतात' हे अर्जातलं वाक्य तिथंच कोसळतं. विद्यापीठातल्या मुलांनी वर्षभर दर पंधरवड्याला ही नोंद ठेवली तर निदान पुढच्या उन्हाळ्यात भांडायला खरा आकडा मिळेल.

सुरुवात म्हणून मीच गेलो. सूर्य बुडून वीसेक मिनिटं झाली असतील. आधी एक उडालं, चिंचेला फेरी मारून परत बसलं. मग दोन. मग होटगी रस्त्याच्या बाजूला, संथ, कावळ्यापेक्षा जड पंखांनी, रांग सुरू झाली आणि मी दहा-दहाच्या गठ्ठ्यानं वहीत रेघा ओढू लागलो. टाकीवाले शेजारी कठड्याला टेकून बघत होते. थोड्या वेळानं तेही बोटांवर मोजू लागले. अंधार पडला तेव्हा माझ्याकडं दोनशे नव्वद होते. ते म्हणाले, "साडेतीनशेच्या खाली नाहीत. त्या तिकडच्या तुम्ही धरल्याच नाहीत." मी म्हणालो, काही परत फिरलेली तुम्ही दोनदा मोजली. दहा मिनिटं आमचं यावर वाजलं. शेवटी ते म्हणाले, "उद्या सातला या. माझा नातू तिकडच्या बाजूला उभा करतो."